जमिनीलगतचा ओझोन

आकाशात उंचावरचा ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा मात्र छातीला व पिकाला बाधतो. तो धुराड्यातून थेट निघत नाही. पेट्रोल व थिनरची वाफ, जळत्या पाल्याचा धूर आणि वाहनांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर कडक ऊन पडले की तो तयार होतो. डिचोलीत खनिजाचे ट्रक आहेत. पेडण्यात २०२३ पासून मोपा विमानतळाची वर्दळ आहे.

हा वायू पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरून पीक खुरटवतो. म्हणून काजूचा पाला जाळू नये, खड्ड्यात कुजवावा. पेट्रोलचे डबे घट्ट झाकावेत. दमेकऱ्यांनी उन्हाळ्यात भर दुपारी कष्टाची कामे टाळावीत. शेजाऱ्याचा श्वास जपणे हीही शेजारप्रीतीच होय.