उपमा, रूपक आणि दृष्टांत : पोथीवाचनातील एक विवेक

अलंकार हे कवीचे दागिने. निवृत्तीच्या वाटेने चालणाऱ्या भिक्षुकाला त्यांचे काय प्रयोजन, असे पुष्कळ वासनिक मंडळी विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु उपमा कोठे संपते आणि रूपक कोठे सुरू होते हे ज्यास उमगत नाही, तो अर्थ लावता लावता सिद्धांतालाच धक्का लावून बसतो. म्हणून हा विषय केवळ पंडितांकडे सोपवून चालत नाही.

शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेणे आपण नित्य करीत असतो. आपल्या परभणी जिल्ह्यात 'गंगाखेड गोदावरीवर आहे' असे म्हणतात. गाव पाण्यावर तरंगत नाही, काठावर आहे, हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. शास्त्रकार या शब्दशक्तीला लक्षणा म्हणतात. त्याच गावाच्या नावात गोदावरीला 'गंगा' म्हटले आहे, आणि काठची माणसे आजही तिला गंगाच म्हणतात. तेथे साम्याने एका नदीचे नाव दुसरीला मिळाले. बाजारात 'कापूस चढला' म्हणजे भाव चढला. येथे कोणाचीही फसगत होत नाही, कारण वस्तू डोळ्यांसमोर असते.

फसगत होते ती न दिसणाऱ्या वस्तूविषयी बोलताना. उपमा दोन वस्तू वेगळ्या ठेवून त्यांतील एखादा समान धर्म दाखविते. 'सारखा', 'जैसा', 'परी' हे शब्द मध्ये कुंपणासारखे उभे असतात. रूपक ते कुंपण काढून टाकते आणि 'हे तेच आहे' असे म्हणते. काव्यात ही मोठी शोभा आहे. पण कोणी 'जीव हा थेंब, परमेश्वर हा सागर' असे म्हटले आणि ऐकणाऱ्याने ते रूपक पूर्ण खरे धरले, तर काय होईल? थेंबाचे पाणी आणि सागराचे पाणी एकाच जातीचे. थेंब सागरात पडला की उरत नाही. म्हणजे न बोलताच अद्वैत पदरी पडले! आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत. परमेश्वराचा आनंद लाभलेला जीवही जीवच राहतो. तेव्हा या रूपकातून 'लहान आणि अपार' एवढाच धर्म घ्यावा, बाकीचा सोडावा.

किती घ्यावे आणि किती सोडावे, याचे उत्तम शिक्षण दृष्टांतपाठात आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनी इ. स. १२८० च्या सुमारास एकत्र केले. केशिराजबास संस्कृताचे पंडित. 'रत्नमालास्तोत्र' त्यांनी संस्कृतात रचले. तथापि श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना मराठीकडे वळविले, कारण स्वामींचे निरूपण साध्या बायाबापड्यांसाठीही होते. प्रत्येक दृष्टांताची रचना तीन अंगांची आहे : आरंभी स्वामींचे सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटी केशिराजबासांनी लिहिलेला दार्ष्टांतिक. दार्ष्टांतिकाचे काम आपण नीट ओळखत नाही. कथेतील कोणता भाग सूत्राला जोडायचा हे तो सांगतो. कथा कितीही रंगली तरी जोड तेवढीच.

जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याच्या हाती कान आला त्याला हत्ती सुपासारखा वाटला; ज्याच्या हाती पाय आला त्याला खांबासारखा. आता पाहा, यातील एकही उपमा खोटी नाही. हत्तीचा कान खरोखर सुपासारखा असतो. त्या आंधळ्याने 'मला लागले ते सुपासारखे आहे' एवढेच म्हटले असते, तर भांडण उरले नसते. अंगाची उपमा त्याने संपूर्ण हत्तीवर घातली, तेथे चूक झाली. एकेका शक्तीचे ज्ञान होताच तिलाच परमेश्वर मानणाऱ्यांची गत अशीच असते. डोळस मनुष्य मात्र सर्व अवयव पाहतो आणि प्रत्येक उपमेला तिच्या जागी बसवितो. आणि हा दृष्टांतही एकदेशीच घ्यावा : परमेश्वराला हत्तीसारखे अवयव आहेत असा अर्थ त्यातून काढू नये.

अलंकार कशासाठी वापरावा, हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींपुढेही आला होता. कवीश्वर भास्करभट्ट बोरीकर यांचे गाव आपल्याच जिल्ह्यातील बोरी, असे मानले जाते. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'शिशुपाळवध' रचला. उपमा-उत्प्रेक्षांनी तो ओसंडून वाहतो. त्यात रुक्मिणीचा शृंगार आहे. ग्रंथ पाहून एका ज्येष्ठ गुरुबंधूंनी अभिप्राय दिला की, काव्य चांगले उतरले, पण ते प्रवृत्तांच्या उपयोगाचे, निवृत्तांच्या नव्हे. कवीला हे ऐकणे सोपे गेले नसेल. त्यांनी त्यानंतर भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' लिहिली.

या प्रसंगावरून कित्येक जण 'अलंकार त्याज्य' असा निकाल काढतात. तो मला मान्य नाही. पंथाने शिशुपाळवध बाजूला टाकला नाही; उद्धवगीतेसह तो साती ग्रंथांत गणला जातो, आणि मठांतून त्याच्या पोथ्या जपल्या गेल्या. गुरुबंधूंचा आक्षेप उपमेवर नव्हता. ती मन कोठे नेऊन सोडते, यावर होता.