जुन्नरच्या खडकात सोने का नाही?

शिवनेरीच्या पायथ्याशी किंवा भीमाशंकरच्या वाटेवर दगड फोडून पाहा. आत काळा, कठीण बेसाल्ट दिसेल. तो शिलारस थिजून बनला आहे. सोन्याच्या अनेक साठ्यांचा संबंधही शिलारसाशी असतो. मग जुन्नर-आंबेगावात सोन्याच्या खाणी का नाहीत?

बेसाल्टात सोने मुळीच नसते असे नाही. एक टन बेसाल्टात ते सामान्यतः काही मिलिग्रॅम असते. खाण परवडायची तर टनाला सामान्यतः ग्रॅमच्या आसपास तरी हवे. म्हणजे निसर्गाने ते शेकडो पटींनी एकत्र आणले पाहिजे.

हे कसे घडते? कॅनडातील हेडली येथील ‘निकेल प्लेट’ खाणीचे उदाहरण घेऊ. तेथे शिलारस जमिनीखालीच चुनखडकयुक्त थरांत घुसला आणि सावकाश निवला. निवताना त्यातून अतितप्त, खारट पाणी सुटले. या पाण्यातील सिलिका चुनखडकाशी संयोग पावली, कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडला आणि गार्नेट, पायरोक्सीन ही खनिजे तयार झाली. अशा खडकाला ‘स्कार्न’ म्हणतात.

तप्त पाण्यात सोने क्लोरीन किंवा गंधक यांच्याशी संयुक्त होऊन विरघळलेले असते. पाणी निवू लागते, चुनखडक त्याची आम्लता कमी करतो, गंधक लोहाशी संयोग पावतो. मग सोने द्रावणात टिकत नाही. बारीक कणांच्या रूपाने खडकात साचते.

आता जुन्नरकडे वळू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हा पृष्ठभागावर थरावर थर पसरला. नाणेघाटाच्या कड्यात हे थर दिसतात. उघड्यावर तो लवकर थिजला. त्यातील वायू हवेत निसटले. शिवाय अभिक्रिया घडवायला चुनखडकही नव्हता. पुढे झिरपत्या पाण्याने खडकातील पोकळ्यांत झिओलाइट व कॅल्साइट यांचे स्फटिक तेवढे साचवले.

तुम्ही विचाराल, कुकडी-घोडच्या काठी चुनखडीचे खडे आढळतात, त्यांचे काय? ते लाव्हा थिजल्यावर फार काळाने, नदीच्या गाळात तयार झाले. शिलारसाशी त्यांची गाठ कधी पडलीच नाही.

करून पाहा : शिक्षकांच्या देखरेखीखाली असा खडा आणि ताजा फोडलेला काळा दगड यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. खड्यावर फेस येईल. दगडावर येणार नाही. सोने साचवण्यात चुनखडक काय काम करतो, हे त्या फेसावरून ध्यानात येईल.