घर कोणाचे?

पावसाळा जवळ आला, की जुन्या घरांची डागडुजी सुरू होते. वसईतील होळीसारख्या जुन्या वस्तीत मालक स्वतः घरात राहत असेल, तर तो कौले बदलतो, भिंती दुरुस्त करतो. पण मालक एक आणि राहणारे अनेक असतील तर? मुंबईच्या जुन्या चाळींत हाच प्रश्न उभा राहिला.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील घरभाडी १९४० च्या पातळीवर रोखली. भाडेकरूंना आधार मिळाला. पण एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, असे मालक म्हणू लागले. इमारती कोसळू लागल्या. म्हणून १९६९ साली सरकारने दुरुस्तीसाठी कायदा केला आणि १९,६४२ इमारतींवर उपकर बसवला.

१९८६ साली म्हाडाच्या कायद्यात नवे प्रकरण आले. अशा इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती इमारत जमिनीसह संपादन करून संस्थेला देऊ शकते. मोबदला म्हणून मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळते. ती संस्थेने भरायची असते. समजा, साऱ्या इमारतीचे मासिक भाडे ५०० रुपये आहे. मग मालकाला मिळतील फक्त ५०,००० रुपये!

मालक न्यायालयात गेले. १९९१ साली उच्च न्यायालयाने कायदा योग्य ठरवला. १९९२ साली वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. समाजाच्या साधनसंपत्तीचे वाटप सर्वांच्या हितासाठी व्हावे, असे संविधानाचा अनुच्छेद ३९(ख) सांगतो. मग खाजगी घर ही समाजाची साधनसंपत्ती आहे का? ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने उत्तर दिले : प्रत्येक खाजगी मालमत्ता तशी नसते, काही मात्र असू शकते. ती कोणत्या प्रकारची आहे, किती दुर्मीळ आहे आणि समाजावर तिचा काय परिणाम होतो, हे पाहून ठरवावे.

रहिवाशाला सुरक्षित छप्पर हवे, मालकाला रास्त मोबदला हवा. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

शब्दार्थ
डागडुजी – किरकोळ दुरुस्ती
उपकर – विशिष्ट कामासाठी घेतलेला जादा कर
संपादन करणे – कायद्याने ताब्यात घेणे
रास्त – योग्य

स्वाध्याय
१. मालकांना दुरुस्ती का परवडत नव्हती?
२. सर्वोच्च न्यायालयाने काय उत्तर दिले?
३. मालक, इमारत, दुरुस्ती हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधा.
४. वर्गात दोन गट करा. एका गटाने मालकाची व दुसऱ्याने भाडेकरूची बाजू मांडावी.