मोठ्या फिश टँकचा पंप: डब्यावरचा आकडा बघून कोटेशन देऊ नका

व्हिडिओत पंपाचा हिशोब भरभर झाला, म्हणून इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घ्या.

समजा, परतवाडा-चिखलदरा भागातला एक हॉटेलवाला म्हणतो, "भाऊ, लॉबीत ८ फुटी टँक पाहिजे. सेमाडोहची सिपना नदी दिसली पाहिजे, मासेबी आपल्याकडचेच." काम मोठं आहे. पण पंप चुकला तर मासे मरतात आणि नाव तुमचं जातं.

पहिली पायरी: आधी मासे ठरवा. डॅनिओ, बार्ब, लोच यांना वाहतं पाणी मानवतं. मरळ संथ पाण्यातला, शिवाय लहान मासे खाणारा. त्याला यांच्यात टाकू नका. आणि मासे सिपनेतून आणायचे नाहीत. मेळघाट हा १९७३-७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. हॅचरीत वाढवलेलेच मासे घ्या आणि बिल जपून ठेवा.

दुसरी पायरी: पाणी मोजा. ८ × २ × २ फूट म्हणजे ३२ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे सुमारे ९०५ लिटर. दगड-वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर ८०० धरा. वाहत्या पाण्यातल्या माशांसाठी ताशी ५ वेळा पाणी फिल्टरमधून फिरवायचं, असं धरू. म्हणजे ताशी ४००० लिटर.

तिसरी पायरी: उंची बघा. खरी गोम इथेच आहे. डब्यावरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. फिल्टरची टाकी खाली असेल तर पाणी साधारण दीड मीटर चढवावं लागतं. कमाल उंची ३ मीटर असलेला पंप दीड मीटरवर साधारण निम्मंच पाणी देतो. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "दीड मीटरवर किती देतो?" एका मोठ्या पंपापेक्षा दीड मीटरवर २००० लिटर देणारे दोन घ्या. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

घरी तपासा: पाइप तेवढ्याच उंचीवर धरा. २० लिटरची बादली ३६ सेकंदांत भरली, तर पंप ताशी २००० लिटर देतोय.

चौथी पायरी: प्रवाह वेगळा धरा. नदीसारखी धार हवी म्हणून वर चढवणारा पंप वाढवू नका. टँकच्या आतच एका टोकाला वेव्हमेकर लावा. त्याला पाणी चढवायचं नसतं, त्यामुळे कमी विजेत जास्त पाणी हलतं. मोठ्या दगडांमागे संथ जागा ठेवा, मासे तिथे विसावतात. पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. आपला वऱ्हाडी उन्हाळा तर माहीतच आहे!

पाचवी पायरी: लाइट गेली तर? पंप थांबला की पाणी पाइपातून उलटं खाली येतं. या टँकमधलं २ इंच पाणी उतरलं तरी ७५ लिटर होतात. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी ठेवा. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीजवळ छोटं छिद्र पाडा, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. टँक सोपवण्याआधी ग्राहकासमोर स्विच बंद करून दाखवा. बॅटरीवरचा एअर पंप कोटेशनमध्ये धराच.

शेवटी वीज. सगळे पंप मिळून १०० वॅट असतील तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. हा आकडा ग्राहकाला आधीच लिहून द्या. पहिलं बिल आल्यावर कळलं, तर तो तुम्हालाच बोल लावेल.

गृहपाठ: ६ × २ × २ फुटी टँकसाठी हाच हिशोब करा. जवळच्या दुकानातल्या तीन पंपांचं दीड मीटरवरचं पाणी, वॅट आणि किंमत शेजारी-शेजारी लिहा. सर्वांत स्वस्त पंप वर्षभराच्या विजेसकट खरंच स्वस्त पडतो का, ते तुम्हीच बघा.