उपघटक : मजकुरातील संख्या व परिमाणे यांचा शोध

गावोगावच्या विहिरींविषयीच्या मोठ्या मजकुरातून खोलीचे सर्व उल्लेख वेचायचे असतील, तर रेग्युलर एक्स्प्रेशन हे साधन उपयोगी पडते. त्यात संगणकाला नेमका शब्द न देता शब्दाचा नमुना दिला जातो. [०-९]+ म्हणजे एक किंवा अधिक देवनागरी अंक. त्यापुढे रिकामी जागा आणि परिमाण लिहिले की नमुना होतो: [०-९]+ फूट

'विहीर ४० फूट खोल आहे' हे वाक्य यात सापडते. '४० फुटांवर पाणी लागले' हे मात्र निसटते. सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो आणि संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी चिन्हे आहेत. पाणी किती खोलीवर लागते हाच आपला प्रश्न असेल, तर नेमकी हवी ती वाक्येच गळतील आणि निष्कर्ष फसेल.

यावर फ[ूु]ट असा, दोन्ही उकार स्वीकारणारा नमुना सुचतो. पण आता '५ फुटकी मडकी', '२ फूटपट्ट्या' आणि '१२ फुटीर सदस्य' हेही मोजमापांत जमा होतात! म्हणून रूपे निवडूनच द्यावी लागतात: फूट, फुटी ('४० फुटी रस्ता') आणि अनुस्वारयुक्त फुटां. पहिल्या दोहोंनंतर शब्द संपलाच पाहिजे. शब्दसीमेचे तयार चिन्ह येथे वापरू नये. पायथनच्या अंगभूत रेगेक्स-सुविधेत मात्रांची गणना अक्षरांत होत नाही. त्यामुळे 'फुटी'नंतर ते चिन्ह ठेवल्यास 'फुटी रस्ता' सुटतो आणि 'फुटीर' सापडतो. त्याऐवजी पुढे रिकामी जागा, विरामचिन्ह वा ओळीचा शेवट असावा, अशी अट स्पष्ट लिहावी:

[०-९.,]+ ?(फुटां|(फूट|फुटी)(?=[ .,;]|$))

अंकांच्या कंसात टिंब व स्वल्पविराम का घेतले? ते नसतील तर '३.५ फूट' यातून केवळ '५ फूट' हाती येते. रिकाम्या जागेपुढील प्रश्नचिन्हामुळे '४०फूट' असे जोडून लिहिलेलेही सापडते.

दीड, अडीच, पाऊण, साडेतीन यांत अंकच नसतात. मराठीत तर मोजमापे सर्रास अशीच सांगितली जातात. त्यांची यादी नमुन्यात शब्दशः घालावी लागते. साडे एकटा येत नाही, त्यापुढे संख्या हवी. सव्वा मात्र एकटाही येतो.

सराव: 'तोळा' या परिमाणाची सरळरूपे व सामान्यरूपे लिहा. 'अडीच तोळे', '१० तोळ्यांचा हार' आणि '१ तोळा' हे तिन्ही उल्लेख सापडतील असा नमुना तयार करा.