लंडनहून परतल्यावर झोप का रुसते?

प्रश्न : वय ६७. उन्हाळ्यात लंडनला जुन्या मित्रांकडे दोन महिने राहून पुण्याला परतलो. जाताना काहीच त्रास झाला नाही. आता पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. हा प्रवासाचा शीणच ना?

उत्तर : नुसता शीण असता, तर जातानाही झाला असता, उलट जातानाचं विमान परतीपेक्षा जास्त वेळ घेतं. खरा फरक दिशेचा. शरीरातलं घड्याळ सरासरी २४ तासांहून किंचित लांब चालतं, म्हणून पश्चिमेला गेल्यावर उशिरा झोपणं त्याला सोपं जातं. पूर्वेला आल्यावर मात्र साडेचार तास आधी झोपायचं असतं, आणि दोन महिन्यांत तुमचं घड्याळ पुरतं लंडनचं झालेलं.

‘पहाटे उठून उन्हात फिरा’ हा सल्ला एव्हाना चार जणांनी दिला असेल. पहिले एक-दोन दिवस तो उलटा पडू शकतो. तिथे सातला उठत असाल, तर शरीराचं तापमान पाचच्या सुमारास सर्वांत कमी असतं, म्हणजे आपल्याकडचे साडेनऊ. त्याआधीचा लख्ख उजेड झोप आणखी लांबवतो, नंतरचा ती अलीकडे आणतो. तेव्हा सुरुवातीला दहानंतर गच्चीत बसा, मग ही वेळ रोज तासभर आधी घ्या. झोपेची गोळी घेतली तर काय बिघडलं, असं वाटेल. गोळी झोपवते, घड्याळ सरकवत नाही. शिवाय या वयात रात्री उठताना तोल जाण्याची भीती असतेच. दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटपा. इन्सुलिन घेत असाल, तर त्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.