प्रांताच्या आरोग्याची धुरा

1937 सालच्या जुलै महिन्यात संयुक्त प्रांताचे नवे मंत्रिमंडळ लखनौ येथे अधिकारारूढ झाले. आजच्या उत्तर प्रदेशाचा व उत्तराखंडाचा बहुतेक मुलूख त्या प्रांतात मोडत असे. गोविंद वल्लभ पंत हे मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. त्यांच्या सहकाऱ्यांत एक स्त्री होती, आणि तिला वयाची सदतीस वर्षेही अद्याप पूर्ण झाली नव्हती. स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य ही दोन खाती तिच्याकडे सोपविण्यात आली. हिंदुस्थानात मंत्रिपदावर आरूढ झालेली ही पहिली स्त्री म्हणजे विजयालक्ष्मी पंडित.

विजयालक्ष्मींचा जन्म 18 ऑगस्ट 1900 रोजी अलाहाबाद येथे झाला. मोतीलाल नेहरू हे त्यांचे वडील आणि जवाहरलाल हे थोरले बंधू. माहेरी त्यांचे नाव स्वरूपकुमारी असे होते. घरात ऐश्वर्य नांदत होते. परंतु शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. त्यांचे सारे शिक्षण घरीच झाले. 1921 मध्ये रणजित सीताराम पंडित यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पंडितांचे घराणे मूळचे कोकणातील. पुढे ते काठेवाडात राजकोट येथे स्थायिक झाले होते. रणजितराव स्वतः बॅरिस्टर आणि संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा त्यांनी इंग्रजीत अनुवाद केला. महाराष्ट्रीय कुटुंबाच्या रीतीप्रमाणे सासरी वधूचे नाव बदलले आणि स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली.

गांधीजींच्या हाकेला ओ देऊन पतिपत्नी दोघेही स्वातंत्र्यलढ्यात उतरली. विजयालक्ष्मींना पहिला कारावास घडला, तेव्हा तिन्ही मुली लहान होत्या. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी अलाहाबाद नगरपालिकेत काम केले व तेथील शिक्षण समितीचे अध्यक्षपद सांभाळले. मंत्रिपदाची खरी पूर्वतयारी येथेच झाली. नळ, दिवे, गटारे आणि शाळा यांवाचून नगराचा संसार चालत नाही, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

मंत्रिपद मिळाले, तरी ते पुष्पशय्या नव्हते. राज्य अद्यापि इंग्रजांचे होते. गव्हर्नराच्या हाती विशेष अधिकार होते आणि तिजोरीत पैसा बेताचा होता. उलट लोकांच्या अपेक्षांना सीमा नव्हती. खेड्यांत शुद्ध पाण्याच्या विहिरी कमी, दवाखाने दूर आणि शिकलेल्या सुइणी दुर्मीळ. शिवाय स्त्रीच्या हातून राज्यकारभार होईल काय, अशी शंका घेणारेही पुष्कळ होते. या शंकेला उत्तर द्यावयाचे ते कामानेच.

कसोटीचा प्रसंग लवकरच आला. 1938 साली हरिद्वारला कुंभमेळा भरला. गंगास्नानासाठी लक्षावधी यात्रेकरू लोटले आणि त्या गर्दीत पटकीची साथ उद्भवली. पटकी हा पाण्यावाटे पसरणारा रोग. रोग्याच्या विष्ठेने पाणी दूषित होते. ते पाणी जो पितो, त्याला रोग जडतो. बाधित यात्रेकरू घरी परतला की तो हा रोग आपल्या गावी घेऊन जातो. मेळ्यातील साथ अशा रीतीने प्रांतभर पसरू शकते. पाणी निर्जंतुक करणे, लस टोचणे, मैल्याची विल्हेवाट लावणे, रोग्यांना निराळे ठेवणे, ही सारी कामे आरोग्य खात्याच्या माथी होती. या कामांना टाळ्या मिळत नाहीत. ती नीट पार पडली, तर कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. त्यांत कसूर झाली, तर मात्र माणसे मरतात. आरोग्यमंत्र्याच्या जबाबदारीचे स्वरूप हे असे असते.

1939 च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले. हिंदी जनतेला न विचारता इंग्रज सरकारने देशाला युद्धात ओढले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. विजयालक्ष्मींनीही अधिकार सोडला. पुढे त्यांना पुन्हा दोनदा कारावास भोगावा लागला. जी स्त्री काल प्रांताची मंत्री होती, ती आज नैनीच्या तुरुंगात कैदी झाली.

याहून कठोर आघात पुढेच होता. कारावासात प्रकृती ढासळलेले रणजितराव 1944 च्या जानेवारीत निवर्तले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते आणि त्यांना पुत्र नव्हता. तत्कालीन वारसा कायद्यात अशा विधवेची व तिच्या मुलींची बाजू फार दुबळी होती. जिने प्रांताचा कारभार पाहिला, तिलाच पतीच्या मिळकतीसाठी झगडण्याची पाळी आली. देशातील असंख्य अशिक्षित विधवांची स्थिती काय असेल, याची कल्पना यावरून यावी. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्राविना मागे राहिलेल्या पित्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगा व मुलगी यांना समान वाटा दिला.

दुःखाने त्या खचल्या नाहीत. 1946 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात भारताचे शिष्टमंडळ घेऊन त्या गेल्या. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवर होणाऱ्या अन्यायाचा प्रश्न त्यांनी तेथे मांडला आणि ठराव दोन तृतीयांश मतांनी संमत झाला. विजयानंतर त्या प्रतिपक्षाचे नेते जनरल स्मट्स यांच्याकडे गेल्या, आणि आपल्या बोलण्याने त्यांचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी, असे म्हणाल्या. अन्यायाशी लढावे, पण मनात कटुता ठेवू नये, ही गांधीजींची शिकवण त्या विसरल्या नव्हत्या. 1953 मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळविणारी जगातील ती पहिली स्त्री. 1962 ते 1964 या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. 1 डिसेंबर 1990 रोजी त्यांचे निधन झाले.

अधिकार येतो आणि जातो. विजयालक्ष्मींनी तो स्वीकारला तेव्हा पाणी, गटारे आणि दवाखाने यांची चिंता वाहिली, आणि सोडावयाची वेळ आली तेव्हा तुरुंगाची वाट धरली. पदाला शोभा येते ती अशा वागण्याने.

अभ्यास

1. कुंभमेळ्यातील पटकीची साथ दूरच्या गावी कशी पोहोचू शकते?
2. ‘या कामांना टाळ्या मिळत नाहीत.’ तुमच्या गावातील अशी दोन कामे सांगा.
3. पतिनिधनानंतर विजयालक्ष्मींपुढे कोणती अडचण उभी राहिली?